दोन मापे

घेताना एक वजन आणि देताना दुसरे वजन वापरणाऱ्या दुकानदाराला आपण लबाड म्हणतो. एखादे राष्ट्रच असे वागू लागले, तर त्याला काय म्हणावे? शस्त्रविक्रीविषयी आपल्या देशात उमटणाऱ्या प्रतिक्रिया पाहिल्या की हा प्रश्न टाळता येत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला आठ एफ-१६ विमाने विकण्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्या सरकारने अमेरिकी राजदूतांना बोलावून नापसंती कळविली. ही विमाने दहशतवाद्यांविरुद्ध वापरली जातील, हा खुलासा कोणालाही पटला नाही. शस्त्र कोणावर रोखले जाईल याचे उत्तरदायित्व विकणाऱ्यावरही असते, ही आपली भूमिका नीतीला धरूनच होती.

आता दुसरे पारडे पाहू. २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपयांची असलेली आपली संरक्षण निर्यात २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात ज्यांचे सांगाडे घडतात, ती ब्रह्मोस क्षेपणास्त्रे २०२४ मध्ये फिलिपिन्सला पोहोचली. बलाढ्य शेजाऱ्यापासून आपला किनारा राखू पाहणाऱ्या देशाला असे साधन देणे समजू शकते. परंतु म्यानमारचे काय? १ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथील लष्कराने सत्ता बळकावली आणि आपल्याच जनतेवर शस्त्र उगारले. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या मे २०२३ च्या अहवालानुसार, त्यानंतर भारतातून त्या लष्कराकडे किमान ५.१ कोटी डॉलरची शस्त्रे व तत्सम सामग्री गेली. पुरवठादारांत सरकारी कंपन्याही होत्या. त्याच लष्कराच्या भयाने पळालेल्या हजारो चीन बांधवांना मिझोरमने आसरा दिला. निर्वासितांना घास भरविणारा हात आणि त्यांना निर्वासित करणाऱ्यांना शस्त्र पुरविणारा हात एकाच देशाचे असावेत, याची खंत किती जणांना वाटली?

राजकीय पक्षांनाही येथे सोवळे नेसता येणार नाही. १९८७ मध्ये बोफोर्सवरून आणि २०१८-१९ मध्ये राफेलवरून वादळ उठले, ते दलालीचे व किमतीचे. सत्तेतले आणि विरोधातले यांनी जागा बदलल्या, तशा भूमिकाही बदलल्या. आपण विकलेले शस्त्र कोणावर चालेल, हा प्रश्न मात्र दोन्ही बाकांवर क्वचितच ऐकू आला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे!

आपण नाही विकले तर दुसरा विकेल, आणि अंबरनाथ, खडकी, वरणगावच्या कामगारांची पोटे त्यावरच आहेत, असे कोणी म्हणेल. कामगाराचे पोट ही खरोखरच लहान गोष्ट नव्हे. पण हेच समर्थन अमेरिकेने पाकिस्तानबाबत केले असते, तर आपण ते मान्य केले असते काय? ख्रिस्तसभा राष्ट्राचा स्वसंरक्षणाचा अधिकार नाकारीत नाही. तथापि शस्त्रांच्या निर्मितीचे व विक्रीचे नियमन हा शासनाचा हक्क तसाच कर्तव्य आहे, असे तिची धर्मशिकवण सांगते.

लोकशाहीत या कर्तव्याची आठवण करून देण्याचे काम नागरिकांचे आहे. मते मागायला उमेदवार आपल्या सोसायटीत येतात, तेव्हा आपण पाणी, रस्ते, लोकल यांविषयी विचारतो. त्याबरोबर एवढेही विचारावे: आपली शस्त्रे कोण घेतो, आणि त्यांच्या नळीसमोर कोण उभा असतो? पाकिस्तानला मिळणाऱ्या विमानांबद्दल आपण जे माप लावले, तेच येथे लावून उत्तर मागावे.