दिवंगत सहाध्यायांविषयी बरे बोलावे की खरे बोलावे?

मृत मनुष्याविषयी वाईट बोलू नये, हा शिष्टाचार आमच्या देशात फार जुना आहे; आणि तो मोडावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर दोषारोप करणे हे भ्याडाचे काम होय. परंतु वाईट न बोलणे ही एक गोष्ट, आणि जे नव्हते ते होते म्हणून सांगणे ही दुसरी. पहिलीत दया आहे, दुसरीत असत्य आहे. ह्या दोहोंतील भेद पुष्कळांच्या ध्यानी राहत नाही, म्हणून आज त्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी वर्षातून एकदा एकत्र जमतात. त्या प्रसंगी मधल्या काळात दिवंगत झालेल्या सहाध्यायांची नावे वाचण्यात येतात, मंडळी दोन मिनिटे स्तब्ध उभी राहतात, आणि मग एकेकाविषयी दोन शब्द बोलले जातात. हा प्रघात स्तुत्य आहे. मात्र ते दोन शब्द बहुधा सर्वांविषयी सारखेच असतात. प्रत्येक जण मनमिळाऊ होता, प्रत्येक जण कर्तव्यदक्ष होता, प्रत्येकाच्या जाण्याने कधीही न भरून येणारी हानी झाली! यादीतील नावांची अदलाबदल केली तरी ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्याही ते लक्षात यावयाचे नाही. ज्या स्तुतीत एकाच्या ठिकाणी दुसऱ्याचे नाव घातले तरी चालते, ती स्तुती कोणाचीच नव्हे.

कोणी वाचक म्हणतील की, ही शहरातील सुशिक्षितांची गोष्ट झाली. आमच्या ब्राह्मणपुरीसारख्या खेड्यात तिचे काय प्रयोजन? प्रयोजन पुष्कळ आहे. पूर्वी खेड्यातून महाविद्यालयात जाणारा विरळा असे. आता शहाद्यास किंवा नंदुरबारास शिकावयास जाणारे मुलगे व मुली गावोगाव आहेत. कोणाच्या शिक्षणासाठी बापाने बैलजोडी विकली, कोणासाठी आईने अंगावरचे चांदीचे दागिने मोडले, कोणाची फी मंडळीने वर्गणी करून भरली. ह्यांपैकी काही परत आले, काही आले नाहीत. आणि मरण तर कोणासच चुकले नाही. अशा दिवंगत तरुणाविषयी ओट्यावर बसून आपण काय बोलतो, ते मागे राहिलेली मुले कान देऊन ऐकत असतात. शिकून काय करावयाचे असते, हे त्यांस पुस्तकापेक्षा आपल्या त्या बोलण्यातूनच अधिक कळते.

ह्या विषयाचा उत्तम धडा आपल्याच प्रांताच्या इतिहासात आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८७९ च्या सुमारास दोन विद्यार्थ्यांचा निकट स्नेह जडला. बळवंतराव टिळक कायद्याचा अभ्यास करीत होते आणि गोपाळराव आगरकर एम. ए. च्या परीक्षेची तयारी करीत होते. सरकारी नोकरीच्या मागे न लागता लोकशिक्षणास आयुष्य वाहावयाचे, असा दोघांनी निश्चय केला. २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ मध्ये केसरी निघाला, व आगरकर त्याचे संपादक झाले. कोल्हापूरच्या दिवाणांविषयीच्या लेखनाबद्दल १८८२ मध्ये उभयतांस कारावास घडला, आणि मुंबईच्या डोंगरी येथील तुरुंगात त्यांनी १०१ दिवस एकत्र काढले. एवढा ज्यांचा स्नेह, त्यांच्यातच पुढे वितुष्ट आले. समाजाची सुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, हा एक वाद. संस्थेचे नियम कसे असावेत, हा दुसरा. आगरकरांनी १८८७ मध्ये केसरी सोडला व १८८८ मध्ये सुधारक हे स्वतःचे पत्र काढले. टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर किती कठोर टीका झाली, हे त्या काळचे अंक पाहणाऱ्यांस ठाऊक आहे. पुण्यातील सनातनी लोकांनी तर आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली.

१७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असताना आगरकर दम्याच्या विकाराने वारले. त्यांच्यावरील मृत्युलेख केसरीत टिळकांनी लिहिला. तो लिहिताना त्यांना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात. त्या लेखात आगरकरांची मते बरोबर होती असे टिळकांनी एकाएकी कबूल केले नाही. तसे केले असते तर ते ढोंग झाले असते. जुना हिशेबही त्यांनी चुकता केला नाही. तसे केले असते तर ते क्रौर्य झाले असते. मतभेद होता ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. आणि त्या मतभेदाहून मोठे असे आपल्या सहाध्यायात जे होते, त्याची विद्वत्ता आणि त्याचा स्वार्थत्याग, तेही लपविले नाही. म्हणूनच त्या लेखाचे वजन आहे. स्नेह्याने केलेली स्तुती आपण सहज बाजूस सारतो. प्रतिपक्षाने दिलेली साक्ष बाजूस सारता येत नाही, कारण ती देताना त्याला स्वतःचा काही अभिमान गिळावा लागलेला असतो.

आमच्या वाचकांस येथे दाविदाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. शौलाने त्याचा जीव घेण्यासाठी रानोमाळ पाठलाग केला. तरी शौल गिलबोवाच्या डोंगरावर पडला तेव्हा दाविदाने जो विलाप केला, त्यात त्या छळाचा एक शब्दही नाही. तथापि तो विलाप ज्या शमुवेलाच्या पुस्तकांत आहे, त्यांतच शौलाची अवज्ञा लिहून ठेविली आहे, आणि पुढे खुद्द दाविदाचे घोर पापही लिहून ठेविले आहे. विलाप करणाऱ्याने क्षमा केली व वृत्तांत लिहिणाऱ्याने सत्य राखिले. दयेसाठी सत्य सोडावे लागते असे नाही. दोहोंस आपापले स्थान आहे.

असत्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो धर्मनिष्ठ लोकांस विशेष भुरळ घालतो. तो म्हणजे मृत मनुष्यास आपल्या पक्षात ओढणे. डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८६५ मध्ये झाला व लग्न नवव्या वर्षी झाले. पहिले मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावले. पुढे १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने त्यांस गाठले होते, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास, बावीस वर्षे पुरी होण्याच्या आत, त्या निवर्तल्या. ज्या कामासाठी एवढा अट्टाहास केला, ते काम हाती घेण्याचेही त्यांच्या नशिबी आले नाही.

अशा माजी विद्यार्थिनीचे स्मरण कसे करावे? पुष्कळ कार्य केले म्हणावे, तर ते खरे नाही. सर्व व्यर्थ गेले म्हणावे, तर तेही खरे नाही. शिवाय त्या अमेरिकेत ख्रिस्ती कुटुंबाच्या आश्रयाने राहिल्या, तेव्हा त्या मनाने ख्रिस्तीच झाल्या होत्या असे सुचविण्याचा मोह आमच्यासारख्यांस व्हावा. पण तेही खरे नाही. जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथील सभेत, हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी उघडपणे सांगितले होते, आणि ते शब्द त्यांनी पाळले. ज्या कार्पेंटर बाईंनी त्यांस लेकीप्रमाणे वागविले, त्यांच्याकडे आनंदीबाईंच्या अस्थी पाठविण्यात आल्या. बाईंनी न्यूयॉर्क संस्थानातील पोकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्या ठेवविल्या. तेथील शिलेवर, विद्येसाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, एवढीच ओळख कोरलेली आहे. काय झाल्या असत्या ते लिहिले नाही. काय केले तेवढेच लिहिले. आपल्या धर्माची म्हणून नव्हे, तर आपल्या घरची म्हणून त्या ख्रिस्ती बाईने त्यांस जागा दिली. ह्याहून प्रामाणिक स्मरण कोणते?

आणि जे अपुरे राहिले ते अपुरे राहिले असे स्पष्ट म्हटल्यानेच पुढच्यांस कामाची जाणीव होते. लंडनमध्ये वैद्यक शिकून आलेल्या डॉक्टर रखमाबाईंनी पुढे सुरतेस स्त्रियांच्या रुग्णालयात दीर्घकाळ सेवा केली. आपल्या तापीकाठच्या लोकांस सुरत काही दूर नाही. एकीच्या हातून जे निसटले ते दुसरीने उचलले. सर्व काही पूर्ण झाले असे सांगून मृताची आरती केली, तर मागे राहिलेल्यांस करावयास काय उरते?

आता नाव न झालेल्यांविषयी. न्यू इंग्लिश स्कूलच्या पहिल्या मंडळींत चिपळूणकर, टिळक व आगरकर ह्यांची नावे सर्वांस पाठ आहेत. वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये, वयाची पस्तिशी गाठण्यापूर्वीच वारले. संस्कृताच्या अभ्यासकांस त्यांचा कोश ठाऊक आहे, इतरांस नाव कदाचित ठाऊक नसेल. महादेव बल्लाळ नामजोशी ह्यांनी संस्थेसाठी किती खटपट केली, हे तर फारच थोड्यांस माहीत असेल. आमच्या जिल्ह्याचेच पाहा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारास चले जाव चळवळीच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला, व त्यात कोवळ्या वयाचे पाच जण बळी पडले. शिरीषकुमार मेहता हे नाव मुलामुलांच्या तोंडी आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हेही पडले. त्यांस लागलेली गोळी काही निराळी नव्हती. एका नावाच्या प्रकाशात चार नावे दिसेनाशी होऊ नयेत, एवढी काळजी घेणे हेही सत्यच आहे.

त्याचप्रमाणे जो पदवीधर सातपुड्याच्या पाड्यावर तीस वर्षे मुलांस अक्षरे शिकवून मेला, जी परिचारिका पावसाळ्यात नाला ओलांडून बाळंतिणीकडे जात असे, त्यांची नावे महाविद्यालयाच्या अहवालात येतीलच असे नाही. तेथे न्यायाधीश, मंत्री व श्रीमंत देणगीदार ह्यांचीच गर्दी असते. म्हणून ती नावे गावाने राखिली पाहिजेत.

कोणी विचारील, ज्याने विद्या मिळवून ती वाया घालविली, नोकरी न मिळाल्याने जो दारूच्या नादी लागला व अकाली मेला, त्याच्याविषयी काय बोलावे? प्रश्न कठीण आहे, आणि त्याची बायको व मुले आपल्यामध्येच बसलेली असतात. आमचे मत असे की, जे त्याच्या तोंडावर बोलण्याचे धैर्य आपणांस झाले नाही, ते त्याच्या माघारी बोलण्याचा अधिकार आपणांस नाही. तेथे मौन धरावे. मात्र मौन धरणे वेगळे, आणि तो आदर्श होता असे मुलांस सांगणे वेगळे. शिवाय खरेच बोलावयाचे तर सगळेच खरे बोलावे: तो पदवी घेऊन रिकामा परतला तेव्हा त्याला हसले कोण, आणि हाताला काम देण्यास पुढे आले कोण, हेही त्याच वृत्तांतात आले पाहिजे.

शेवटी स्मरणाचे फळ कोणते, तेही पाहू. १९३४ मध्ये सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. तेव्हा त्याच्या माजी विद्यार्थ्यांनी थोर दिवंगतांची नावे घेऊन केवळ उसासे टाकले नाहीत. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांची देणगी विद्येसाठी होती, हा मुद्दा धरून ते न्यायालयात गेले, आणि १९३९ मध्ये ते स्थान संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. तेथे आजही संस्कृत कोशाचे काम चालू आहे. जे सहाध्यायी निघून गेले, त्यांना ज्या घराने शिकविले ते घर उभे राखणे, ह्यापेक्षा मोठी श्रद्धांजली नाही.

आम्ही गावोगावच्या मंडळ्यांस एक सूचना करितो. एक वही घालावी. आपल्यातील जो कोणी शिकून दिवंगत झाला असेल, त्याच्या नावापुढे चार गोष्टी लिहाव्या: त्याला कोणी कष्ट करून पाठविले, तो काय शिकला, ते कोणाच्या उपयोगी पडले, आणि त्याच्या हातून काय अपुरे राहिले. विशेषणे घालू नयेत. वर्षातून एकदा ती वही मोठ्याने वाचावी, व वाचताना शिकणाऱ्या मुलामुलींस पुढे बसवावे. पहिल्या रकान्याने त्यांस आपले ऋण कळेल, तिसऱ्याने आपला मार्ग कळेल. आणि चौथा रकाना ऐकून एखादे जरी मूल, हे मी करीन, असे मनात म्हणेल, तर त्या दिवंगताचे स्मरण यथार्थ झाले असे समजावे.