हा बोनस कोणाच्या खिशातून येतो?





सूरह अल-माइदाच्या 90 व्या आयतीत अल्लाहने मद्याबरोबरच जुगारालाही सैतानाच्या कृत्यांतील घाण ठरविले असून श्रद्धावंतांना त्यापासून दूर राहण्याचा आदेश दिला आहे. पुढच्याच आयतीत त्याची कारणेही स्पष्ट केली आहेत. या मार्गाने सैतान माणसामाणसांत वैर व द्वेष पेरू इच्छितो आणि त्यांना अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू इच्छितो. ही आयत आपल्यापैकी बहुतेकांनी अनेकदा ऐकली आहे. ‘आमच्या घरात कोणी जुगार खेळत नाही,’ असे म्हणून आपण निश्चिंतही होतो. परंतु जुगार प्रत्येक पिढीत नवा वेष घेऊन येतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी मुंबईच्या मटक्याने उद्ध्वस्त झालेले संसार पाहिले. मटक्याचा अड्डा निदान डोळ्यांना दिसत होता. आजचा अड्डा मुलाच्या उशाशी असतो आणि त्याच्या दारावर ‘जुगार’ नव्हे, तर ‘बोनस’ ही पाटी असते.

मांडव्याच्या जेट्टीचेच पाहा. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून येथे रो-रो बोट येऊ लागली आणि मुंबई अलिबाग तालुक्याच्या अगदी जवळ आली. कामाधंद्यानिमित्त आपले तरुणही या मार्गाने ये-जा करतात. पाण्यावरचा हा तासाभराचा वेळ मोबाईलवरच जातो. त्या पडद्यावर एखादे दिवशी संदेश झळकतो : खाते उघडा, दहा हजार भरा, आम्ही आणखी दहा हजार देऊ. खेळ पोकरचा, पत्त्यांचा. मुलगा मनाशी म्हणतो, ‘मला जुगार खेळायचाच नाही. बोनस पदरात पाडून घ्यायचा आणि बाहेर पडायचे. हा तर निव्वळ हिशेब आहे.’ असा मुलगा अडाणी किंवा व्यसनी नसतो. बहुधा तो घरातला हुशार मुलगा असतो, म्हणूनच त्याच्याशी हिशेबाच्याच भाषेत बोलले पाहिजे.

बोनसचा हिशेब

हा बोनस हाती लगेच पडत नाही. खात्यावर तो आकडा दिसतो, पण काढता येत नाही. पैसे लावून डाव खेळत राहावे लागते. प्रत्येक डावात जमलेल्या रकमेतून खेळ चालविणारी कंपनी आपला वाटा कापून घेते. या कापलेल्या वाट्याच्या प्रमाणात बोनस थोडाथोडा मोकळा होतो आणि ठरलेल्या मुदतीत जो मोकळा झाला नाही तो रद्द होतो.

समजा, शंभर रुपयांचा बोनस मोकळा होण्यासाठी तुमच्या खेळातून कंपनीला चारशे रुपये मिळावे लागतात. मग दहा हजारांच्या बोनससाठी कंपनीच्या हाती चाळीस हजार जायला हवेत. कंपनीचा वाटा शेकडा पाच असेल, तर त्यासाठी आठ लाख रुपयांचे डाव व्हावे लागतात. ज्याला जुगार खेळायचाच नव्हता, त्याला या दहा हजारांसाठी लाखोंच्या डावांत बसावे लागते.

आता खरा प्रश्न विचारू या. हे दहा हजार आले कोठून? पत्त्यांच्या टेबलावर धान्य पिकत नाही, जाळे विणले जात नाही, कोणाचे घर बांधले जात नाही. तेथे येणारा प्रत्येक रुपया कोणा खेळणाऱ्याच्याच खिशातून येतो. त्यातून कंपनी आपला वाटा घेते आणि त्याच वाट्यातला तुकडा ‘बोनस’ म्हणून परत फेकते. म्हणजे ज्याला आपण कंपनीची भेट समजतो, ती कोणा हरलेल्या माणसाची कमाई असते. तो कोण असेल? कदाचित आखातातल्या एका खोलीत सहा जणांबरोबर राहणारा कोणाचा बाप. कदाचित बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम गमावून बसलेला कोणाचा भाऊ. पडद्यावर त्याचा चेहरा दिसत नाही, एवढेच.

सूरह अन-निसाच्या 29 व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई केली आहे आणि परस्परांच्या संमतीने होणाऱ्या व्यापाराला त्यातून वगळले आहे. कोणी म्हणेल, ‘हरणाराही राजीखुशीने बसला होता.’ परंतु तो जिंकण्यासाठी बसला होता, देण्यासाठी नव्हे. व्यापारात दोघांच्याही हाती काही येते. येथे एकाचे जाते तेव्हाच दुसऱ्याला मिळते.

तीन सबबी

पहिली सबब अशी की, पोकर हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. त्यात कौशल्य लागते, हे कोणी नाकारत नाही. परंतु शरीअतचा प्रश्न तेवढाच नाही. प्रत्येकाने आपला पैसा पणाला लावला आणि एकाचा तोटा हाच दुसऱ्याचा लाभ झाला, तर तो जुगार आहे. एका हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बक्षिसाच्या शर्यतीची मुभा उंट, घोडे आणि तिरंदाजी यांच्यापुरती दिली. केवळ कौशल्य असल्याने प्रत्येक पैज हलाल होत नाही, हे यावरून दिसते. देशाच्या कायद्यानेही आता ही पळवाट बंद केली आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना मनाई करताना नशीब आणि कौशल्य हा भेद ठेवलेला नाही. असे खेळ पुरविणे व त्यांची जाहिरात करणे हा गुन्हा ठरविला आहे. तरीही परदेशातून चालणारी संकेतस्थळे अशी आमिषे दाखवीतच असतात. श्रद्धावंताने मात्र कायद्याची वाट पाहायची नव्हती. त्याला हा आदेश चौदा शतकांपूर्वीच मिळाला आहे.

दुसरी सबब अशी की, ‘मला खरोखरच फायदा झाला आहे.’ झालाही असेल. काहींच्या हाती पैसा उरतो, हे खोटे नाही. कुरआननेही हे नाकारलेले नाही. सूरह अल-बकराच्या 219 व्या आयतीत मद्य व जुगारात लोकांसाठी काही लाभ असल्याचे मान्य केले आहे आणि त्यांचे पाप लाभाहून मोठे असल्याचे बजावले आहे. म्हणून नफ्याचा आकडा दाखवून हा प्रश्न सुटत नाही. आकडा मान्य करूनच निर्णय दिला गेला आहे.

तिसरी सबब मनाला सर्वांत गोड वाटते : ‘यातले थोडे मी गरिबांना देईन.’ अज्ञानकाळातील अरब नेमके हेच करीत. ते उंट कापून त्याच्या मांसाचे वाटे बाणांच्या सोडतीने ठरवीत आणि जिंकणारे ते मांस गरिबांना वाटून टाकण्यात मोठेपणा मानीत. गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचणारा तो जुगारही अल्लाहने हराम ठरविला. मग आपल्या खात्यात जमा होणाऱ्या बोनसला कोणती सवलत मिळणार?

‘ये, आपण खेळू’

या व्यवहारात आणखी एक बोनस असतो, तो मित्राला आणण्याचा. आपला संकेतांक मित्राला पाठवायचा, त्याने पैसे भरले की आपल्याला रक्कम मिळते. येथे एक हदीस आठवावी. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेल्या या हदीसचा आशय असा की, जो आपल्या सोबत्याला ‘ये, आपण जुगार खेळू’ असे म्हणेल, त्याने सदका द्यावा. डाव मांडलेला नाही, पैसा लावलेला नाही, केवळ बोलावणे केले, तरी त्याचे प्रायश्चित्त आहे. मग ते बोलावणे विकून पैसे घेणाऱ्याची स्थिती काय असेल? मित्र हरला तर मैत्रीत वैर येते. आयतीत सांगितलेले ते हेच वैर होय.

आणि नमाज? बोनसची मुदत संपत येते तसा मुलगा रात्री जागू लागतो. इशा घाईत उरकली जाते आणि फज्र झोपेत जाते. अजान ऐकू येते, पण हातातला डाव सोडवत नाही. आयतीतील दुसरा इशाराही असा खरा ठरतो.

परतीची वाट

हजरत अबू बक्र (रजि.) यांचा प्रसंग सहीह बुखारीत आहे. त्यांच्या गुलामाने आणलेले काही अन्न त्यांनी खाल्ले. नंतर त्याने सांगितले की, अज्ञानकाळात त्याने कोणाला खोटे भविष्य सांगितले होते आणि हे त्याचे मोल होते. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी घशात बोट घालून पोटातले सारे बाहेर काढले. ते त्यांनी अजाणता खाल्ले होते. आपण तर जाणून आहोत.

म्हणून ज्याचा पाय या वाटेवर पडला असेल त्याने निराश होऊ नये. तौबेचे द्वार उघडे आहे. खाते आजच बंद करावे. डावात न लावलेली आपली ठेव उरली असेल तर ती काढून घ्यावी, अडकलेल्या बोनसचा मोह सोडावा. जिंकलेला पैसा ज्याचा आहे तो ठाऊक असेल तर त्याला परत करावा. ठाऊक नसेल तर पुण्याची अपेक्षा न ठेवता तो गरजूंना देऊन त्या ओझ्यातून मोकळे व्हावे, असे उलमा सांगतात. आपल्या बाबतीत काय करावे हे जवळच्या आलिमांना अवश्य विचारावे.

आईवडिलांनाही एक विनंती. मुलाने घरात पैसे आणून ठेवले तर आनंदाबरोबर एक प्रश्नही विचारा : ‘बाळा, हे कोठून आले?’ आणि तो हरून आला तर त्याला दारातून परतवू नका. शरमेने लपविलेले कर्ज फेडण्यासाठीच माणूस पुन्हा त्या टेबलावर बसतो.

आपल्या हाताच्या श्रमाहून उत्तम अन्न कोणी कधी खाल्ले नाही आणि अल्लाहचे प्रेषित दाऊद (अलै.) आपल्या हातच्या कमाईवर जगत, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे. मांडव्याच्या किनाऱ्यावर पहाटे होडी ढकलणारा, वाडीत पाणी शिंपणारा, धक्क्यावर सामान वाहणारा हात या गौरवाचा धनी आहे. त्याच्या कमाईत कोणाचा तळतळाट मिसळलेला नसतो. सूरह अत-तलाकच्या आरंभी वचन आहे की, जो अल्लाहचे भय बाळगतो त्याच्यासाठी तो वाट काढतो आणि त्याच्या कल्पनेतही नसलेल्या ठिकाणाहून त्याला उपजीविका देतो. या वचनाला कोणतीही मुदत लावलेली नाही.

हे अल्लाह, आम्हाला हलाल दे आणि त्यात बरकत दे. हरामापासून आमचे व आमच्या मुलाबाळांचे रक्षण कर. जे वाट चुकले आहेत त्यांना परत आण आणि त्यांची तौबा स्वीकार. आमीन.