घर कितीला पडले?

रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात पाच-दहा मिनिटे गप्पा होतात. पूर्वी त्यांत कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाची पेन्शन अडकली अशा गोष्टी असत. अलीकडे एकच प्रश्न कानावर येतो, "तुम्ही कधी निघताय?" निघायचे म्हणजे विरारला, नालासोपाऱ्याला, नायगावला, कोणी पनवेलकडे, तर कोणी थेट बदलापूरला. आमच्या चाळीतून या चर्चला येणारी नऊ कुटुंबे होती. आता चार उरली आहेत. गेले वर्षभर आमच्या घरातही हाच विषय चालू होता, आणि त्यात आम्हाला एक असा प्रश्न भेटला की ज्याचे उत्तर बँकेच्या कागदांत मिळत नाही. तो आपल्यापुढे मांडावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

लोअर परळची आमची खोली दहा बाय अठराची, म्हणजे १८० चौरस फूट. पागडीची आहे. तीत माणसे पाच: आम्ही उभयता, आई, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. मोरी खोलीत, पण संडास गॅलरीच्या टोकाला. मुलीला कपडे बदलायचे असले की बाकीच्यांनी गॅलरीत जायचे किंवा भिंतीकडे तोंड करायचे. आईला रात्री उठावे लागले की कोणाला तरी बॅटरी घेऊन सोबत जावे लागते. हे सारे चाळीत वाढलेल्यांना नवे नाही, आणि त्यात आम्हाला कधी कमीपणाही वाटला नाही. पण मुलगी मोठी होऊ लागली तसे वाटू लागले. विरारला पश्चिमेकडे नव्या इमारतीत वन बीएचके पाहिला. चारशे दहा चौरस फूट, तोही कार्पेट. २०१७ पासून महारेरामुळे बिल्डरला कार्पेट क्षेत्रफळच सांगावे लागते, म्हणून आकड्यांत फारशी फसगत होत नाही. खोली सोडून, घरमालकाचा वाटा देऊन जे हाती येईल त्यात थोडे कर्ज घातले की घर होत होते.

आता दुसरी बाजू. आमच्यातला जो नवरा आहे तो फोर्टमध्ये अकाउंट्सला, आणि जी बायको आहे ती परळच्या एका इस्पितळात परिचारिका. आज तो घरातून निघून चाळीस मिनिटांत टेबलावर असतो. ती तर चालतच जाते. चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटर. फास्ट गाडीला सव्वा तासाच्या वर लागतो. त्यात घरापासून स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, गाडीची वाट पाहणे, उतरल्यावरची चाल हे धरले की दोन तास कुठेच गेले नाहीत. म्हणजे जाऊन-येऊन आजच्यापेक्षा रोज सुमारे पावणेतीन तास जास्त. वर्षाचे २८० कामाचे दिवस धरले तर ७७० तास होतात. माणूस दिवसाचे सोळा तास जागा असतो असे म्हटले, तर ते झाले ४८ दिवस. आपला प्रायश्चित्तकाळ ४० दिवसांचा असतो! आणि हा हिशोब एकट्याचा. तिचा वेगळाच.

बुरूज बांधायला काढण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्या माणसाचा दाखला लूकच्या शुभवर्तमानात आहे, तो आपण सर्वांनी ऐकला आहे. आम्हीही बसलो आणि हिशोब केला. पण करताना एक गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. आम्ही दोघांनी मनातल्या मनात धरून चाललो होतो की विरारला गेल्यावर तिने नोकरी सोडायची. तिचा पगार त्याच्यापेक्षा कमी, सकाळपाळी सातला सुरू होते, मग पाचच्या आत घर सोडावे लागणार, घरी आई आणि मुले. सगळे अगदी तर्काला धरून होते. नातेवाईकांनीही तेच गृहीत धरले. तिला कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर तिनेही स्वतःला विचारले नाही. सतरा वर्षे केलेले काम आमच्या कागदावर "प्रवासखर्चात बचत" या ओळीत येऊन बसले होते.

इथे आम्ही थबकलो. घर मोठे होते ते सर्वांसाठी, पण त्याची किंमत सर्वजण सारखी मोजत नाहीत. मुलीला दार मिळते, आईला संडास मिळतो, मुलाला खाली खेळायला जागा मिळते. तास मात्र कोणाएकाच्या आयुष्यातून जातात. ते तास खर्च करायचा अधिकार नेमका कोणाचा? "मुलांसाठी करायचे" असे म्हटले की आपण सगळे गप्प होतो. आपल्या घराघरांत त्याग हा शब्द फार सहज येतो. पण ज्याच्या नावावर त्याग मांडला, त्याला कोणी विचारले होते का, हे पाहायला हवे. न विचारता घेतलेली गोष्ट प्रेमाने दिल्यासारखी दाखवली जाते, आणि पुढे दहा वर्षांनी ती भांडणात बाहेर येते. अशी दोन-तीन घरे आम्ही जवळून पाहिली आहेत. आपणही पाहिली असतील.

याउलट, जवळ राहण्याचे गोडवे गाणेही आम्हाला पटत नाही. आमचे आजोबा गिरणीत होते, भोंगा झाला की घर सोडायचे आणि पाळी सुरू होण्याआधी खात्यात पोहोचायचे. प्रवास शून्य. पण त्याच खोलीत त्या काळी अकरा माणसे झोपत, पाळीपाळीने. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या गेल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर आले, आणि गिरणी कामगारांची मुले लांब लांब फेकली गेली. तेव्हा "तुम्ही हौसेने लांब गेलात, आता प्रवासाची तक्रार का करता?" असे कोणी म्हटले की राग येतो. पर्याय आपण ठरवलेले नाहीत. समोर ठेवलेल्या दोन अपुऱ्या गोष्टींतून एक उचलायची आहे, एवढेच.

स्टुट्झर आणि फ्राय या स्वित्झर्लंडच्या दोन अर्थशास्त्रज्ञांचा एक लेख २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीतल्या लोकांची माहिती घेऊन त्यांनी पाहिले की लांबचा प्रवास करणाऱ्यांना चांगल्या घराने किंवा जास्त पगाराने त्याची भरपाई मिळते का. मिळायला हवी, नाहीतर माणूस लांब जाईलच कशाला? पण निघाले उलटे. प्रवास जितका लांब, तितके लोक आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी. आमच्या भाच्याने हे आम्हाला वाचून दाखवले. आम्हाला ते पटलेही. तरी वाटले, त्या जर्मन माणसाला आधीच्या घरात निदान बंद करायला एक दार असेल.

टोकन देण्यापूर्वी एका अनुभवी माणसाने सांगितले, "घर रविवारी बघू नका, सोमवारी बघा." फार मोलाचा सल्ला. रविवारी बिल्डरची माणसे स्टेशनवर गाडी घेऊन येतात, रस्ता मोकळा असतो, सरबत मिळते. आमची मावसबहीण विरारलाच राहते. मे महिन्यात ती आठवड्यासाठी गावी गेली तेव्हा तिच्या घरी आम्ही पाचही जण राहिलो आणि तिथून कामावर गेलो. सुटीत गर्दी कमी असते म्हणतात, आम्हाला ती कमी झालेली कुठे दिसली नाही.

सोमवार ते शनिवार. सकाळी विरारहून गाडी सुटते म्हणून बसायला मिळेल असे वाटले होते, पण गाडी फलाटाला लागण्याआधीच लोक उड्या मारून आत गेलेले. संध्याकाळी दादरला विरार फास्टच्या लेडीज डब्यात चढणे ही तर एक विद्या आहे, ती सहा दिवसांत येत नाही. पहिले दोन दिवस तिने तीन-तीन गाड्या सोडल्या. तिसऱ्या दिवशी एका बाईने हात धरून आत ओढले, पुढे बोरिवली गेल्यावर चौथ्या सीटवर जागा करून दिली आणि सोलायला मटारही दिले. "रोज याच डब्यात या," असे बजावले. म्हणजे त्या तासांतही माणसे आहेत, मैत्र आहे. तो वेळ सगळाच वाया जातो असे म्हणणे खरे नाही. पण फोर्टहून येणारा नवरा रात्री पावणेनऊला पोहोचे तो न बोलता जेवून झोपे. चौथ्या दिवशी सकाळी मुलाने विचारले, "आजी, काल बाबा आले होते का?"

आता हे एवढेच सांगितले तर आपण म्हणाल, ठरले की, जाऊ नका. पण त्याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. मुलीने पहिल्या दिवशी आतल्या खोलीचे दार लावून घेतले आणि तासभर बाहेर आली नाही. काय करत होतीस विचारले तर म्हणाली, "काही नाही. नुसती बसले होते." आणि आई. आईचा या सगळ्याला विरोध होता. तिचे म्हणणे, परळला गॅलरीत पाऊल टाकले की कोणीतरी "मावशी, जेवलात का?" म्हणून विचारते, तिकडे कोण विचारणार? तिचे चूक नव्हते. २६ जुलै २००५ च्या पावसात गाड्या बंद पडल्या तेव्हा लांब राहणारी पाच अनोळखी माणसे त्या रात्री आमच्या दहा बाय अठरात झोपली होती, आणि पिठले-भात शेजारच्या तीन घरांतून आला होता. आईला ते आठवते. पण शुक्रवारी सकाळी चहा घेताना ती हळूच म्हणाली, "रात्री दोनदा उठले. कुणाला उठवावं नाही लागलं." एवढेच बोलली आणि कप घेऊन आत गेली.

परत आल्यावर आम्ही एका संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाल्यावर पाचही जण बसलो. प्रत्येकाने सांगायचे की मला काय मिळते आणि माझे काय जाते. मुलालाही बोलू दिले. बायकोने त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी सांगितले की तिला नोकरी सोडायची नाही, आणि तशी सोडावी लागली तर त्या घरात तिला सुख लागणार नाही. हे ऐकून नवऱ्याला वाईट वाटले की बरे वाटले, हे त्याला अजून नीट सांगता येत नाही. मुलीने विचारले, "मला दार मिळावं म्हणून तुम्ही दोघं इतकं फिरणार का?" आम्ही हो म्हणालो. ती म्हणाली, "मग मला ते माहीत असू दे." आम्हाला वाटते, आमच्या वर्षभराच्या हिशोबात जे नव्हते ते हेच होते.

आम्ही जायचे ठरवले आहे. चावी जूनमध्ये मिळेल. ती नोकरी ठेवणार आहे. सकाळपाळी शक्यतो नको असा अर्ज तिने दिला आहे, मंजूर झाला तर ठीक, नाही तर पुढे पाहू. नवऱ्याने कुकर लावण्यापलीकडचा स्वयंपाक शिकायला घेतला असून सध्या वरणापर्यंत मजल गेली आहे. दीड वर्षाने पुन्हा असेच बसायचे आणि कोणाला झेपत नसेल तर त्याने स्पष्ट सांगायचे, असेही ठरले. तेव्हा घर विकावे लागले तर नुकसान होईल याची आम्हाला कल्पना आहे.

आईने मात्र एक अट घातली आहे. रविवारची मिस्सा याच चर्चमध्ये. आम्ही म्हटले, "आई, तिकडेही चर्च आहे, तिथले लोक चांगले आहेत. शिवाय रविवारी जम्बो ब्लॉक असतो, गाड्या उशिरा येतात."

"मग लवकर निघू," ती म्हणाली.