प्रेक्षकांचा कौल आणि मृतांचे चरित्र

नाटक पाहताना डोळ्यांत पाणी आले म्हणजे आपण स्वतःवरच थोडेसे प्रसन्न होतो. आपले अंतःकरण अद्याप कोरडे पडलेले नाही, अशी ग्वाही त्या अश्रूंनी दिलेली असते. आणि अशी सुखद ग्वाही मिळवून देणाऱ्या नाटककाराची उलटतपासणी घेण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ‘फनी गर्ल’ या अमेरिकन संगीत नाटकावरून १९६८ साली निघालेला बोलपट आम्ही विद्यार्थिदशेत पाहिला, तेव्हा आमचीही अवस्था अशीच झाली होती. फॅनी ब्राइस ही रूपाने सामान्य परंतु विनोदबुद्धीने असामान्य अशी न्यूयॉर्कची ज्यू मुलगी रंगभूमीवर नावारूपाला येते. निकी आर्नस्टाइन नावाच्या देखण्या, सभ्य जुगाऱ्यावर तिचे प्रेम जडते. पत्नीच्या मिळकतीवर जगणे त्या मानी पुरुषाला असह्य होते, आणि स्वाभिमान राखण्याच्या धडपडीत तो गुन्ह्यात सापडून तुरुंगात जातो. त्या स्वाभिमानाकरिता आम्ही मनसोक्त रडलो.

पुढे पुष्कळ वर्षांनी फॅनी ब्राइसची खरी हकीगत वाचण्यात आली. आर्नस्टाइन लग्नापूर्वीच, १९१५ मध्ये, तारायंत्राशी संबंधित एका फसवणुकीपायी सिंग सिंगच्या तुरुंगात गेला होता; त्या वेळी त्याला दुसरी पत्नी होती; आणि फॅनी त्याला तेथे नेमाने भेटावयास जात असे. १९१८ मध्ये त्यांचे लग्न झाले. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या पेढ्यांतील कर्जरोख्यांच्या मोठ्या चोरीत त्याचे नाव आले, फॅनीने वकिलांवर पाण्यासारखा पैसा ओतला, तरीही १९२४ मध्ये त्याची रवानगी लेव्हनवर्थच्या तुरुंगात झालीच, आणि १९२७ मध्ये तिने घटस्फोट घेतला. पत्नीच्या पैशावर जगण्याचे या गृहस्थाला फारसे वावडे असल्याचे कोठे दिसत नाही. म्हणजे आम्ही ज्यासाठी अश्रू ढाळले, ती वस्तूच मुळी अस्तित्वात नव्हती. आणि जे होते ते याहून कितीतरी विलक्षण होते. एक बुद्धिमान, कर्तबगार स्त्री, हा मनुष्य कोण आहे हे पुरते जाणून, उघड्या डोळ्यांनी त्याच्यामागे गेली. फसलेल्या स्त्रीची कहाणी जगात हवी तेवढी सापडेल. न फसता गेलेल्या स्त्रीची क्वचितच.

हा बदल कोणी केला, असा प्रश्न आम्ही स्वतःशी विचारला आणि उत्तर झटपट सापडल्यासारखे वाटले. १९६४ च्या मूळ नाटकाचा निर्माता रे स्टार्क हा फॅनीचा जावई. तिच्या ध्वनिमुद्रित आठवणींवरून त्याने एक चरित्र लिहवून घेतले. ते पसंत न पडल्यामुळे पन्नास हजार डॉलर मोजून त्याने त्याचे प्रकाशन थांबविले, अशी नोंद आहे. शिवाय फॅनी १९५१ मध्ये वारली असली तरी आर्नस्टाइन स्वतः १९६५ पर्यंत जिवंत होता, आणि जिवंत मनुष्य न्यायालयात जाऊ शकतो. तेव्हा जावयाचा संकोच आणि कायद्याची भीती, एवढ्याने हे कोडे सुटले असे आम्ही मानून बसलो होतो. परंतु त्या नाटकाच्या जन्माची कथा जसजशी अधिक वाचली, तसतसा एक तिसरा आरोपी आम्हांला दिसू लागला. तो आरोपी अंधारात, तिकीट काढून बसला होता.

वाचकांपैकी ज्यांना अमेरिकेतील नाट्यव्यवसायाचा परिचय नसेल त्यांच्यासाठी सांगावयास हवे की, तेथे संगीत नाटकाचा शुभारंभ एकाएकी होत नाही. पूर्वी बॉस्टन, न्यू हेवन, फिलाडेल्फिया अशा गावी काही आठवडे नाटक करून मग ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आणीत. अलीकडे बहुधा न्यूयॉर्कमध्येच शुभारंभापूर्वी काही आठवडे पूर्वप्रयोग होतात. आपल्याकडील रंगीत तालमीसारखे हे नव्हे. रंगीत तालमीला घरचे लोक असतात. येथे पैसे भरून आलेला परका प्रेक्षक असतो, आणि टीकाकाराने मात्र शुभारंभापर्यंत लेखणी आवरावी असा संकेत असतो. लेखक, दिग्दर्शक, संगीतकार मागच्या रांगेत उभे असतात. प्रेक्षक नाटक पाहत असतात आणि नाटककार प्रेक्षकांना. कोठे हशा आला, कोठे खोकले सुरू झाले, कोणते वाक्य पडले, याची टिपणे होतात. रात्री नवा प्रवेश लिहिला जातो, दुपारी त्याची तालीम होते आणि संध्याकाळी तो रंगभूमीवर येतो. कधी हे प्रकरण फार लांबते. ‘स्पायडर-मॅन’ या संगीत नाटकाचे २०१० च्या नोव्हेंबरपासून तब्बल १८२ पूर्वप्रयोग झाले आणि शुभारंभाला २०११ चा जून उजाडला. अर्थात् तो नायक कल्पित. त्याच्या चरित्राला धक्का लागण्याचा प्रश्नच नव्हता.

‘फनी गर्ल’ बॉस्टनला आणि फिलाडेल्फियाला खेळले गेले, त्याची शुभारंभाची तारीख पाच वेळा पुढे गेली, न्यूयॉर्कात आणखी १७ पूर्वप्रयोग झाले, आणि २६ मार्च १९६४ रोजी विंटर गार्डन नाट्यगृहात ते रीतसर सुरू झाले. या काळात पाच गाणी गळाली. फॅनी व निकी यांच्या अखेरच्या भेटीचा प्रवेश चाळीसहून अधिक वेळा नव्याने लिहिला गेला, असे सांगतात. हा आकडा वाचून आम्ही थबकलो. ती दोन माणसे प्रत्यक्षात एकदाच विभक्त झाली. रंगभूमीवर मात्र त्यांना चाळीस प्रकारांनी विभक्त करून पाहण्यात आले, आणि ज्या प्रकाराला प्रेक्षागृह सर्वांत निःस्तब्ध झाले तो प्रकार त्यांच्या वाट्याला आला. आणखी एक हकीगत याहून बोलकी आहे. ‘पीपल’ हे या नाटकातील आज सर्वांत प्रसिद्ध असलेले गाणे. फॅनीच्या पात्राला ते शोभत नाही म्हणून काढून टाकावे, असे दिग्दर्शक गार्सन कॅनिन यांचे मत होते. ते राहिले, कारण एकवीस वर्षांच्या बार्ब्रा स्ट्रायसँडच्या कंठातून ते ऐकताच प्रेक्षकांनी दिलेली दाद. पात्राला शोभत नाही हा आक्षेप कोणी खोडून काढला नाही, तो टाळ्यांच्या कडकडाटात नुसता ऐकू येईनासा झाला!

यात वावगे काय, असे कोणी विचारील. आणि आम्हीही पुष्कळ दिवस तसेच विचारीत होतो. नाटक रंजनासाठी असते, आणि रंजन झाले की नाही हे प्रेक्षकावाचून दुसरा कोण सांगणार? विनोद विनोदी आहे की नाही याचा हशाहून वरिष्ठ असा न्यायाधीश त्रिभुवनात नाही. किंबहुना प्रेक्षकसमूहाला एक प्रकारचे सत्यही फार चांगले कळते. खोटा उमाळा, उसने तत्त्वज्ञान, लांबलेला विलाप यांना तो तात्काळ ओळखतो आणि खुर्चीत चुळबुळू लागतो. एकेकटे असताना ज्यांना आम्ही रसिक म्हणणार नाही अशी आठशे माणसे एकत्र बसली म्हणजे त्यांचा कान आश्चर्यकारक तीक्ष्ण होतो. हे सर्व मान्य. परंतु हा कान नाटकाच्या आतले ऐकतो. निकीच्या मुखी घातलेले स्वाभिमानाचे भाषण निकीच्या त्या नाटकातील स्वभावाशी जुळते की नाही, एवढेच तो सांगू शकतो. सिंग सिंगच्या तुरुंगाची भिंत त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात नसते. ‘हे चांगले आहे काय?’ असा प्रश्न त्याला केलेला असतो, आणि त्याचे उत्तर तो प्रामाणिकपणे देतो. घरी जाताना मात्र ‘हे असे घडले’ एवढेच बरोबर घेऊन जातो. विचारलेला प्रश्न एक आणि लागलेला निकाल दुसऱ्याच प्रश्नाचा, असा हा विचित्र खटला आहे.

कवीला इतिहासाचे बंधन नाही, हे ॲरिस्टॉटलचे वचन अशा वेळी हमखास पुढे करण्यात येते. काय घडले ते इतिहासकार सांगतो, काय घडू शकेल ते कवी सांगतो. परंतु त्याच प्रकरणात त्या चतुर तत्त्वज्ञाने आणखी एक गोष्ट नमूद करून ठेविली आहे, आणि वचन उद्धृत करणारे बहुधा तेथवर वाचीत नाहीत. शोकांतिका लिहिणारे खरी नावे सोडीत नाहीत, कारण जे घडले ते शक्य होते हे उघडच असल्यामुळे त्यावर लोकांचा विश्वास चटकन बसतो. म्हणजे खरे नाव ही विश्वासाची ठेव आहे, आणि नाटककार ती उचलतो. फॅनी ब्राइस हे नाव न घालता एखाद्या कल्पित नटीची हीच गोष्ट सांगितली असती तर आम्ही अवाक्षर काढले नसते. नावाच्या बळावर विश्वास घ्यावयाचा, आणि जाब विचारताच कल्पनास्वातंत्र्याच्या आड लपावयाचे, हा व्यवहार सावकारीतही खपणार नाही.

मृतांना आता काय त्याचे, असेही एक मत आहे. मृतांना दुखापत होते की नाही, हा वाद आम्ही मीमांसकांवर सोपवितो. परंतु मृतांना उत्तर देता येत नाही, एवढे तरी निर्विवाद आहे. जिवंत मनुष्य प्रयोगाला येऊन दुसऱ्या रांगेत बसला तर त्याच्या एका भुवईने प्रवेश बदलतो. मृताची खुर्ची रिकामी असते, आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहून टिपण करण्याची पद्धत नाही.

ही गोष्ट केवळ साठ वर्षांपूर्वीची आहे असे समजू नये. मायकेल जॅक्सनवरील ‘एम्‌जे’ या संगीत नाटकाचे पूर्वप्रयोग २०२१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला सुरू झाले आणि १ फेब्रुवारी २०२२ रोजी शुभारंभ झाला. त्याच्या मालमत्तेच्या विश्वस्तांच्या सहकार्याने झालेल्या या नाटकात कथानक १९९२ मधील तालमींच्या दिवसांत ठेवलेले आहे. त्याच्यावर बालकांसंबंधीचे आरोप जाहीर रीतीने झाले ते १९९३ मध्ये. एका वर्षाच्या अंतरात किती मावते पाहा! अशा नाटकात प्रेक्षकाच्या दादेचाही अर्थ बदलतो, कारण ती गाणी तो लहानपणापासून काळजात घेऊनच आलेला असतो. त्याची टाळी त्याच्या स्वतःच्या तारुण्याला असते, आणि जमेस धरली जाते ती नायकाच्या खात्यावर.

आपल्याकडे रीत निराळी आहे, पण ती अधिक निर्दोष आहे असे म्हणवत नाही. संगीत नाटकाला ‘वन्समोअर’ने लांबविण्याचा हक्क आपल्या प्रेक्षकाने पिढ्यान्‌पिढ्या बजावला. १९७२ मध्ये पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले तेव्हा मात्र नाना फडणविसांचे चित्रण पाहून जो क्षोभ उसळला, त्यात हशा-टाळ्यांचा प्रश्नच उरला नाही. आपण ऐतिहासिक नाटक लिहिले नसल्याचे तेंडुलकरांनी सांगूनही तो शमला नाही. अमेरिकेतील प्रेक्षक आवडीने चरित्र घडवितो आणि आपला प्रेक्षक नावडीने. नानांच्या वास्तविक चरित्राचे कागद उघडून पाहण्याचे कष्ट दोहोंपैकी कोणत्या पद्धतीत अधिक घेतले जातात, हे सांगणे कठीण आहे.

इतका वेळ आम्ही परक्यांचे दोष सांगितले. आता घरचा सांगावयास हवा, कारण या प्रश्नाने आम्हांला छळले ते ब्रॉडवेमुळे नव्हे. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या एका समारंभासाठी संस्थापकांच्या जीवनावर एक लहानसे संगीत नाटक बसविण्याचे ठरले आणि संहितेचे काम आमच्याकडे आले. इमारतीसाठी पैसा उरला नाही तेव्हा संस्थापकांच्या पत्नी आपल्या पाटल्या काढून त्यांच्या हाती देतात, असा प्रवेश आम्ही लिहिला. गावात तशी आख्यायिका होती. समारंभापूर्वी एक प्रयोग निमंत्रितांपुढे झाला. पाटल्यांचे पद सुरू होताच पदर डोळ्यांना लागले. आम्ही विंगेत उभे होतो, आणि खोटे कशाला सांगावे, नाटकाकडे नव्हे तर त्या पदरांकडे पाहत होतो.

प्रयोग संपल्यावर संस्थापकांच्या कन्या, ज्यांना सारे गाव माई म्हणते आणि ज्यांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती, आम्हांला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सर, पद फार छान झालंय हो. पण आईनं पाटल्या दिल्या नव्हत्या. दादांनी न विचारता नेल्या. ती आठ दिवस जेवली नाही, आणि पुढे तिनं हातात काही घातलंच नाही.”

आम्ही गडबडून म्हणालो, “माई, तुम्ही सांगाल तसं बदलतो. प्रवेशच काढून टाकू.”

त्यांनी रिकाम्या होत चाललेल्या प्रेक्षागृहाकडे एकवार पाहिले. “लोकांना आवडलंय ना? मग राहू दे.”

ही अनुज्ञा होती की निरोप होता, हे आम्ही त्यांना विचारले नाही. समारंभाला दोनच दिवस उरले होते, पदाची चाल मुलांच्या तोंडी बसली होती, आणि माईंनी स्वतःच राहू दे म्हटले होते. कारणांची वाण नव्हती. प्रवेश राहिला. समारंभाच्या दिवशी पहिल्या रांगेतील माईंची खुर्ची रिकामी होती. प्रकृती बरी नसल्याचा निरोप आला. पदाला वन्समोअर मिळाला.

माई आता नाहीत. गेल्या पावसाळ्यात वक्तृत्वस्पर्धेत भाग घेणारी एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. संस्थापकांच्या पत्नीच्या त्यागावर तिला बोलावयाचे होते, आणि पाटल्यांची हकीगत कोठे वाचावयास मिळेल असे ती विचारीत होती. आम्ही कपाट उघडले. छापील असे आमच्यापाशी एकच होते. ती नाटकाची प्रत आम्ही तिला दिली.