ओलीच्या भरवशावर

बेंबळीच्या शिवारात मृगाचा पाऊस पडून गेलाय. काळं रान अजून पायाला चिकटतंय, वाफसा यायचाय. अशा सकाळी मनाने एखाद्या बांधावर येऊन बसा. डोळे मिटू नका. श्वासाच्याही मागे लागू नका, तो आपोआप संथ होईल.

नजर खाली आणा. बांधाच्या कडेला एक सरड्याची मादी पुढच्या पायांनी माती उकरतेय. उकरते, थांबते, मान वर करून पाहते, पुन्हा उकरते. तिच्या लयीने पाहत राहा. खड्डा पुरेसा खोल झाला की ती वळते आणि त्यात दहा-वीस अंडी घालते. मग माती लोटते, दाबून सपाट करते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर येतील ती दीड-दोन महिन्यांनी, आणि तेव्हा ती तिथे नसेल.

इथे थोडं थांबा. कोंबडीच्या अंड्यासारखं टणक कवच या अंड्यांना नसतं. मऊ, चिवट सालीतून ती मातीतली ओल शोषून घेतात आणि हळूहळू फुगतात. म्हणजे खड्डा नुसता आडोशाचा नाही, पाण्याचाही आहे. कृषी विभाग सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. सरड्याला कोणी सांगत नाही, पण पेरणीची वेळ दोघांची एकच. पुढे महिनाभर उघडीप पडली तर? हा प्रश्न मनात येऊ द्या. उत्तर शोधू नका.

आता टिटवी. तिचं ओरडणं बांधावर बसल्यापासून कानावर येतंय. तिची अंडी कशाखालीच नसतात. खडे-ढेकळांत जरासा खळगा, त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत. मातकट रंगावर काळपट डाग. पाहा, दिसतात का? नजर त्यांच्यावरून दोनदा घसरून जाते. उन्हाचा कडाका असला की टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. सरड्याला ओल जमिनीतून मिळते, ही ती अंगावर वाहून आणते. तिने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, जितकी अंडी तितके महिने पाऊस, असे आडाखे जुनी माणसं बांधतात. टिटवी एरवीही बहुधा चारच अंडी घालते, त्यामुळे चार महिन्यांचं भाकीत सोपंच! तरी हसून सोडून देऊ नका. अंडी कुठे घातली, हे इतक्या बारकाईने पाहणारी नजर सहज तयार होत नाही.

शेवटचं पाहणं जरा अवघड आहे. बांधाच्या गवताखालची भुसभुशीत माती बोटाने सारा. साबुदाण्यासारखे पांढरट दाणे, पुंजकाच्या पुंजका. ही गोगलगायीची अंडी. 2022 च्या खरिपात धाराशिव, लातूर, बीडकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. ही अंडीही त्याच ओलीच्या भरवशावर, तशीच मातीआड ठेवलेली. मघाशी सरड्याच्या खड्ड्याबद्दल मनात जो ओलावा आला, तो इथे येतो का पाहा. नाही आला तर नाही. ज्याचं बियाणं उधारीवर आलंय, त्याच्याकडून तो मागणं मला बरोबर वाटत नाही.

सरड्याचा आणि गोगलगायीचा, दोन्ही पुंजके मनात शेजारी-शेजारी ठेवा. घाई नको.

मग उठा. गोगलगायीची अंडी दिसली की वेचून नष्ट करायची असतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधालगत टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. माती उकरताना लांबट, मऊ, पांढरी अंडी लागली तर ती सरड्याची. त्यांच्यावर माती परत ओढायची.