एका कंसाच्या आत

बसा. घाई नाही.

चिमूरला संध्याकाळ होते आहे. धानाच्या बांध्यांत पाणी साचलं आहे. बोडीकडून बेडकांचा आवाज येतो. येऊ द्या.

समोर एडिटर उघडा आहे. आत पायथनची एक लहानशी फाइल. पडद्यावर बरंच काही आहे. आपण एकच ओळ घेऊ.

रक्कम = पोती * (वजन - बारदाना) * भाव

एवढीच.

तिच्याकडे पाहा. अजून काही करू नका.

नावं देवनागरीत आहेत. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून अशी नावं चालतात. ती मनात हळू उच्चारा. पोती. वजन. बारदाना. भाव.

ओळ काय सांगते ते ऐका. धानाची इतकी पोती. भरलेल्या एका पोत्याचं इतकं वजन. त्यातून रिकाम्या पोत्याचं, बारदान्याचं, वजन वजा. जे उरलं ते धान. त्याला किलोमागे भाव.

एक श्वास घ्या. सोडा.

आता कर्सर ‘वजन’मधल्या ‘ज’वर आणा. तिथे थांबा.

उजव्या बाणाची कळ दाबली, तर कर्सर पुढच्या अक्षरावर जातो. पुन्हा दाबली, तर त्याच्या पुढच्या. बाणाला सगळं सारखंच. कंस, वजाबाकीची खूण, मोकळी जागा, सगळ्यांना एकेक पाऊल.

ही ओळीची रांग. ती पाहून घ्या.

आणि मग हेही ध्यानात घ्या, की याच क्षणी एडिटर या ओळीचं आणखी एक रूप जपून आहे. ते पडद्यावर दिसत नाही. त्यात कोण कुणाच्या आत आहे, कोण कुणाचं भावंड आहे, हे मांडलेलं आहे. प्रोग्रामर त्याला सिंटॅक्स ट्री म्हणतात. हे झाड मुळाकडून पाहायचं असतं, आणि मूळ सगळ्यात वर.

आपण त्या झाडात चालू. सावकाश.

हेलिक्स नावाच्या एडिटरमध्ये त्यासाठी ऑल्ट आणि ओ या दोन कळा आहेत. एकत्र, एकदा दाबा.

‘वजन’ हा आख्खा शब्द उजळतो. अक्षर गेलं, नाव आलं.

पाहा त्याच्याकडे. एक नाव. झाडाचं एक पान.

पुन्हा दाबा.

वजन - बारदाना. आता वजाबाकी उजळली आहे. मघाचं नाव तिच्या आत आहे. ते कुठे गेलं नाही, आपण एक पायरी वर आलो.

श्वास.

पुन्हा दाबा. दोन्ही कंस आत आले.

पुन्हा. पोती आली. आता एक गुणाकार उजळला आहे.

पुन्हा. भाव आला. हा दुसरा गुणाकार, पहिल्याला पोटात घेणारा.

पुन्हा. रक्कम आणि बरोबरची खूण आली. ओळ पुरी झाली.

त्यापुढे, ही ओळ ज्या फंक्शनमध्ये आहे त्याच्या पोटातल्या सगळ्या ओळी. मग नावासकट ते फंक्शन. मग पूर्ण फाइल.

थांबा इथे.

बांधीला धुरा असतो. धुऱ्याच्या आत उभं राहिलं की बांधी दिसते. पण बांधी शेतात असते, शेत गावाच्या शिवारात असतं. शिवाराची हद्द नजरेत मावत नाही, तरी पाय तिच्या आतच असतात. तुमचा कर्सर ‘ज’वर होता, तेव्हाही तो या सगळ्यांच्या आत होता.

हे थोडा वेळ राहू द्या.

आता खाली या. ऑल्ट आणि आय. एकेक पायरी, आलो त्याच वाटेनं. फाइल. फंक्शन. ओळ. गुणाकार. कंस. वजाबाकी. वजन.

पुन्हा त्याच नावावर. घाई न करता.

आता बाजूला पाहू. ‘वजन’चं भावंड कोण? बारदाना. दोघं एकाच वजाबाकीची लेकरं. ऑल्ट आणि एन पुढच्या भावंडाकडे नेतात, ऑल्ट आणि पी मागच्या.

आणि पोती?

अक्षरांच्या रांगेत ‘पोती’ आणि ‘वजन’ अगदी जवळ आहेत. मध्ये गुणाकाराची खूण आणि एक कंस. झाडात मात्र त्यांच्या पातळ्या वेगळ्या. ‘पोती’चं भावंड म्हणजे तो आख्खा कंस, आत जे काही आहे त्यासकट.

हे डोळ्यांनी पाहा. मग डोळे मिटून पाहा.

डावीकडे पोती. उजवीकडे कंस. कंसाच्या आत वजाबाकी. वजाबाकीच्या आत दोन नावं.

श्वास घ्या. सोडा.

आता दोन्ही कंस मनातल्या मनात काढा. दोनच खुणा. ओळ जवळपास तशीच दिसते.

झाडाकडे पाहा.

बारदाना आता ‘वजन’चा राहिला नाही. तो ‘भाव’शी गुणाकारात गेला. वजनाला ‘पोती’नं धरलं. वजाबाकी दोन्ही गुणाकारांच्या वर जाऊन बसली.

आकडे घालून पाहू. समजा पोती १०, भरलेल्या पोत्याचं वजन ४१ किलो, बारदाना १ किलो, भाव किलोला २० रुपये. कंस असताना ४१ मधून १ गेला, ४० उरले, त्यांची १० पोती, त्यांना २० रुपये. आठ हजार.

कंस नसताना १० गुणिले ४१, म्हणजे ४१०. त्यातून १ गुणिले २०, म्हणजे २० गेले. तीनशे नव्वद.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ८,०००. ३९०.

काही ठरवू नका. नुसतं पाहा, आणि कंस परत ठेवा.

आणखी एक गोष्ट पाहू. ‘बारदाना’ हा शब्द पुसा. ओळ अपुरी राहते. वजन, वजाबाकीची खूण, आणि लगेच बंद होणारा कंस.

खुणेपुढे काहीच नाही. त्या रिकाम्या जागेपाशी थांबा.

झाड कोसळत नाही. जिथे उणीव आहे तिथे ते चूक झाल्याची खूण करतं आणि बाकीचं, जमेल तितकं, जागच्या जागी धरून ठेवतं. वरचं फंक्शन वर आहे. खालचं खाली आहे.

हे झाड बांधणाऱ्या साधनाचं नाव ट्री-सिटर. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी ते लिहिलं, आणि २०१८ मध्ये ॲटम या एडिटरमधून ते पुष्कळ लोकांच्या हाती आलं. ॲटम २०२२ मध्ये बंद झाला. ट्री-सिटर राहिला. २०२३ मध्ये एमॅक्स या एडिटरनं २९ व्या आवृत्तीत त्याला आपल्यात घेतलं. निओव्हिममध्ये तो आहे, हेलिक्समध्येही.

तुम्ही एक अक्षर टाइप करता, आणि तो झाड पुन्हा जुळवतो. सगळं नव्यानं नाही. जिथे हात लागला तेवढा भाग नवा. बाकीच्या फांद्या जुन्या झाडातल्याच.

लिहिताना ओळ बहुतेक वेळ अपुरीच असते. कंस उघडलेला, शब्द अर्धा, खुणेपुढे जागा रिकामी. म्हणूनच त्याला अपुरेपण सांभाळता यावं लागतं.

तुम्हीही त्या अपुऱ्या ओळीजवळ थोडं बसा. तिला लगेच पुरी करू नका.

श्वास.

आता लिहा. ब. आ. र. दा. नाही, अजून हळू. एकेक अक्षर येताना पाहा. शब्द पुरा होतो, चुकीची खूण जाते, वजाबाकीला तिचं दुसरं लेकरू मिळतं.

पुन्हा ‘वजन’वर या. पुन्हा वर चला. या वेळी मोजू नका. वजाबाकी, कंस, गुणाकार, ओळ, फंक्शन, फाइल.

फाइलवर पोचलात. आणखी एकदा ऑल्ट आणि ओ दाबा.

काही होत नाही. हे मूळ आहे. एडिटरला यापुढे वर काही ठाऊक नाही.

तुम्हाला आहे.

ही फाइल कशाच्या आत आहे? विचार करू नका, येईल ते येऊ द्या. वजनकाटा. काट्यावर चढणारं पोतं. ते पाठीवरून आणणारा माणूस. त्यानं पावसात लावलेला रोवणा, कापणी, मळणी. पावतीवरचा आकडा वाचायला पुढे आलेली त्याची मान.

त्याला झाड दिसणार नाही, कंस दिसणार नाही. रक्कम दिसेल.

या पायरीवर हवं तितकं थांबा. मग तिथून खाली या, फाइल, फंक्शन, ओळ, कंस, ‘वजन’मधल्या ‘ज’पर्यंत.

आणि आता कामाला लागा. या ओळीत काही पुसायचं असेल, तर पुसण्याआधी एक पायरी वर जा आणि त्याच्यासोबत काय काय जाणार आहे ते उजळू द्या. ते पाहून झालं, की मग पुसा.