पडद्यावर कोणाची नावे?

अलीकडे पुष्कळ महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना गटाने मिळून एक लघुपट तयार करावयास सांगतात. पाच-सहा मुलेमुली एकत्र येतात, आठ-दहा मिनिटांची गोष्ट ठरवितात, चांगला कॅमेरा नसेल तर मोबाइलवर चित्रीकरण करतात आणि महिन्या-दोन महिन्यांत तयार झालेला पट शिक्षकांच्या हाती देतात. गुण बहुधा सगळ्या गटाला सारखेच मिळतात. आईबापांना हा खेळ वाटतो. "अभ्यास सोडून हे काय मांडले आहे?" असेही काही जण विचारतात. आमचे मत निराळे आहे. चारचौघांबरोबर मिळून काम कसे करावे आणि त्या कामाविषयी खरे कसे बोलावे, हा प्रश्न तरुण वयात इतक्या स्पष्टपणे क्वचितच समोर येतो. म्हणून त्यातील एका लहानशा वाटणाऱ्या बाबीचा येथे विचार करू. ती बाब म्हणजे पटाच्या शेवटी पडद्यावर येणारी नावे.

निबंध एकट्याला लिहिता येतो, लघुपटाचे तसे नाही. गोष्ट एकाने लिहावी, दृश्य कसे घ्यावे हे दुसऱ्याने ठरवावे, कॅमेरा तिसऱ्याने धरावा, आवाज चौथ्याने मुद्रित करावा आणि हे सारे तुकडे पाचव्याने जुळवावे, तेव्हा कोठे आठ मिनिटे उभी राहतात. दृश्य कितीही सुंदर असो, वाऱ्याच्या घोंघाटात बोलणे बुडाले तर पाहणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला शरीर व अवयव यांचा दृष्टांत दिला (१ करिंथ १२). डोळ्याला हाताची गरज नाही असे म्हणता येत नाही, हे त्याचे म्हणणे लघुपट करणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी पटते.

याचे एक उत्तम उदाहरण २०२४ साली घडले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एक वर्षाच्या अभ्यासक्रमाअखेरीस चार शाखांच्या चार विद्यार्थ्यांनी मिळून एक पट करावयाचा असतो. अशाच एका गटात चिदानंद नाईक यांनी दिग्दर्शन, सूरज ठाकूर यांनी छायालेखन, मनोज व्ही. यांनी संकलन आणि अभिषेक कदम यांनी ध्वनीचे काम केले. त्यांचा सुमारे १६ मिनिटांचा कन्नड पट फ्रान्समधील कान महोत्सवात चित्रपट-विद्यालयांसाठी असलेल्या 'ला सिनेफ' विभागात गेला. जगभरातून आलेल्या २,२६३ पटांतून तेथे १८ निवडले गेले होते आणि त्यांत या पटाला पहिले पारितोषिक मिळाले. 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो' हे त्याचे नाव. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत दिग्दर्शकाचे नाव ठळक आले हे खरे, परंतु संस्थेच्या वतीने जी माहिती प्रसिद्ध झाली तीत चौघांची नावे व चौघांची कामे वेगवेगळी दिली होती. कोणी काय केले, ते तेवढेच आणि नेमके. हा नेमकेपणा आम्हांला फार मोलाचा वाटतो.

आता दुसरी बाजू पाहू. आमच्या ओळखीच्या एका मंडळीतील मुलगी महाविद्यालयात वृत्तविद्या शिकते. तिच्या गटात पाच जण होते आणि विषय होता बाजारपेठेतील हमाल. चित्रीकरण तीन दिवसांचे ठरले. ध्वनिमुद्रणाचे काम ज्या मुलाकडे होते तो पहिल्या दिवशी दोन तास आला, मायक्रोफोन दुसऱ्याच्या हाती देऊन निघून गेला आणि पुढे फोनही उचलीना. त्या मुलीनेच आवाज मुद्रित केला. पट तयार झाला आणि नावे घालण्याची वेळ आली तेव्हा गटात वाद पडला. दोघे म्हणाले, "त्याचे नावच घालू नका. नापास होऊ दे." बाकीचे दोघे म्हणाले, "जाऊ दे. ध्वनिमुद्रण म्हणून त्याचेच नाव घालू. आपल्या गुणांतून काय कमी होणार आहे?" ती मुलगी आमच्याकडे आली आणि तिने सरळच विचारले, "ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी ना? मग मी त्याचे नाव घालावे की नाही?"

प्रश्न वरवर सोपा दिसतो, पण तसा नाही. एका पारड्यात दया आहे व दुसऱ्यात सत्य आहे, आणि दोन्ही देवाच्याच आज्ञा आहेत.

प्रथम सत्याकडे पाहू. पडद्यावरील नावांची यादी ही शोभेची वस्तू नव्हे. ती साक्ष आहे. 'ध्वनिमुद्रण : अमुक' असे लिहिणे म्हणजे हे काम अमुकाने केले अशी सर्वांसमक्ष ग्वाही देणे. नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको असे सांगते. कोणी म्हणेल, ही साक्ष त्याच्याविरुद्ध कोठे आहे? ती तर त्याच्या बाजूची आहे! परंतु त्या एका ओळीने जिने खरोखर काम केले तिचे श्रम पुसले जातात, शिक्षकांची फसवणूक होते आणि त्या मुलालाही न केलेल्या कामाचे ओझे वागवावे लागते. उद्या कोणी त्या आधारावर त्याला काम दिले तर त्याने काय करावे?

यावर द्राक्षमळ्याच्या दृष्टांताकडे बोट दाखविण्यात येते (मत्तय २०). सकाळी आलेल्याला जी मजुरी मिळाली तीच अकराव्या तासाला आलेल्याला मिळाली; मग आम्हीही तसे का करू नये? हा दृष्टांत नीट वाचावा. मळेवाल्याने पैसे दिले ते स्वतःच्या पिशवीतून. विद्यार्थ्यांच्या गटाजवळ गुणांची पिशवी नसते, ती शिक्षकांजवळ असते. दुसऱ्याच्या पिशवीतून केलेल्या दानधर्माला औदार्य म्हणता येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. यांनी एकच तास काम केले, अशी सकाळच्या मजुरांची कुरकुर होती. मळेवाल्याने ती गोष्ट नाकारली नाही. उशिरा आलेले दिवसभर राबले असे तो कोठेही म्हणत नाही. त्याने मजुरी वाढविली, हजेरीपट बदलला नाही. कृपेला खोट्या हजेरीची गरज पडत नाही, हे आम्ही या दृष्टांतातून शिकतो.

तर मग नाव गाळून मोकळे व्हावे काय? तेही नाही. त्याच दृष्टांतात मळेवाला बाजारात उभ्या असलेल्यांना आधी विचारतो की, तुम्ही दिवसभर रिकामे का आहात? उत्तर मिळते की आम्हांला कोणी कामावर लावले नाही. त्या गटात चौघे आठवडाभर एका गैरहजर मुलाविषयी बोलत होते, पण त्याच्या घरी जाऊन 'का आला नाहीस?' असे विचारावयास कोणी गेले नव्हते. भावाने अपराध केला तर त्याच्याकडे एकट्याने जा, असा प्रभूचा क्रम आहे (मत्तय १८). आम्ही त्या मुलीला एवढेच सांगितले की नावाचा निर्णय नंतर, आधी भेट.

ती गेली. वडिलांचे काम सुटल्यामुळे तो मुलगा दुपारपासून रात्री उशिरापर्यंत एका खाणावळीत काम करीत होता आणि वर्गातील मुलांना हे सांगण्याची त्याला लाज वाटत होती. त्यामुळे त्याचे वागणे बरोबर ठरत नाही. एक फोन तरी त्याने करावयास हवा होता. पण 'आळशी' आणि 'अडचणीतला' या दोन शब्दांत केवढे अंतर आहे! गटातील एका मुलीने पटाला इंग्रजी उपशीर्षके देण्याचे काम अंगावर घेतले होते, ते अजून राहिले होते. ते त्याने मागून घेतले व दोन रात्री जागून पुरे केले. पडद्यावर 'ध्वनिमुद्रण' यापुढे त्या मुलीचे नाव आले आणि 'उपशीर्षके' यापुढे त्या मुलाचे. शिक्षकांनाही खरे काय ते त्यानेच जाऊन सांगितले. त्याला इतरांपेक्षा कमी गुण मिळाले. गटातील एकाचा राग अजूनही गेलेला नाही. सगळे गोड झाले असे आम्ही म्हणणार नाही. खोटे मात्र कोणाला लिहावे लागले नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत असाच एक प्रसंग आहे. मार्क म्हटलेला योहान पंफुल्यात पौलाला व त्याच्या सोबत्यांना सोडून परत गेला. पुढील फेरीच्या वेळी त्याला बरोबर घ्यावे असे बर्णबाला वाटले. जो मध्येच काम सोडून गेला त्याला नेऊ नये, असे पौलाचे मत पडले. वाद इतका वाढला की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. लूकने हे झाकून ठेवलेले नाही. मार्क सोडून गेला हे त्याने १३ व्या व १५ व्या अशा दोन्ही अध्यायांत लिहिले आहे. तथापि मार्काची कथा तेथे संपत नाही. पौलच पुढे तीमथ्याला कळवितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४). आणि प्राचीन मंडळीच्या परंपरेने दुसरे शुभवर्तमान त्याच मार्काच्या नावावर आहे. पहिली नोंद कोणी खोडली नाही. तिच्यापुढे दुसरी नोंद होण्याइतके काम त्याला कोणीतरी दिले. क्षमा म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडत नाही.

ज्यांनी खरेच श्रम केले त्यांच्यासाठीही एक इशारा आहे. वर सांगितलेल्या कन्नड पटाची गोष्ट एका लोककथेवर आधारलेली आहे. एक म्हातारी गावातला कोंबडा चोरते आणि त्या गावात सूर्य उगवेनासा होतो. आपल्याकडची म्हण याच्या अगदी उलट आहे: कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. गटात जो जास्त राबतो त्याला हळूहळू वाटू लागते की आपला कोंबडा आरवला म्हणूनच उजाडले. मग तो इतरांच्या चुका मोजू लागतो. अशा वेळी ही म्हण आठवावी.

कारण यादीत खोटे नाव घालण्याइतकेच खरे नाव गाळणेही वाईट. दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहून आपणही असे चित्रपट करावे ही ओढ त्यांना लागली, आणि १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण फिल्मच्या पट्टीला अंधारात भोके पाडणे, रसायने मिसळून ती धुणे, उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परतविणे आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी केली, हे किती जणांना माहीत आहे?

त्या विद्यार्थ्यांच्या पटातही एक माणूस असाच राहून जात होता. एका हमालाने कॅमेऱ्यासाठी तीच गोण चार वेळा उचलली, कारण पहिल्या तीन वेळा दृश्य नीट आले नव्हते. तेवढ्या वेळात त्याच्या दोन खेपा बुडाल्या. शेवटी 'हमाल बंधूंचे आभार' एवढी ओळ घालावयाची ठरली होती. आम्ही विचारले, त्याचे नाव काय? कोणाला सांगता येईना. मुले परत गेली, नाव विचारून आली आणि वर्गणी काढून दोन खेपांची हमाली त्याच्या हातावर ठेवून आली. याकोबाच्या पत्रात मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते असे म्हटले आहे (याकोब ५). लघुपटाच्या शेवटीही ती ओरडू शकते.

रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय आपण बहुधा घाईने वाचतो, कारण त्यात नुसती नावे आहेत. तो सावकाश वाचावा. पौल सर्वांना सरसकट 'धन्यवाद' म्हणत नाही. कोणी पुष्कळांना आश्रय दिला, कोणी फार श्रम केले, कोण त्याच्याबरोबर बंदीत होते, हे तो एकेकाचे सांगतो. पत्र ज्याने हाताने लिहून काढले त्या तर्तियसाचेही नाव तेथे आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. नाताळचे नाटक बसविता तेव्हा शेवटी वाचावयाची नावांची यादी आपण स्वतः करू नका, मुलांकडून करवून घ्या. प्रत्येकाने आधी दुसऱ्याचे काम लिहावे, मग स्वतःचे. पडदा कोणी ओढला, मेंढपाळांची घोंगडी कोणाच्या घरून आली, वेदी कोणी झाडली, हे सर्व त्यात येऊ द्या. एखाद्याने काम अर्धवट सोडले असेल तर यादी वाचण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन या, आणि त्याच्यासाठी काही काम शिल्लक ठेवा.